सुखदेवकाकांचं भेव

सुखदेवकाका गाडीत चढण्याआधी वर बघायचे. आपण रस्ता बघतो, टायर बघतो, फार तर डिझेल बघतो. हे गृहस्थ आधी चपला काढून पांदणीत, म्हणजे शेताकडच्या गाडीवाटेवर, वीस-पंचवीस पावलं चालून यायचे, टाचेनं जमिनीचा अंदाज घ्यायचे आणि मग कमरेवर हात ठेवून मान वर करून उभे राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गावाच्या गळ्यात ज्योतिषी मारला ड्रायव्हर म्हणून. ते विजेच्या तारा बघत होते.

आर्णीच्या आत आमच्या गावाकडे तेव्हा तारा खांबांमध्ये अशा झोळलेल्या असत की त्यांच्याखालून बैलगाडी जायची, पण कापसाचा भरलेला ट्रक अडायचा. त्यावर लोकांनी उपाय काढला होता. ट्रकवरच्या कापसात एकानं बांबू घेऊन उभं राहायचं, बांबूच्या टोकाच्या बेचक्यात तार धरून वर उचलायची आणि ट्रक खालून सरकवायचा. भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्या गावाला पाठ असे. लाइन गेली की तारांखालून कापूस काढायचा, हा शिरस्ताच होता. त्यात धोका आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही येत नसे.

काकांच्या मात्र यायचं. "मले भेव लागते, आधीच सांगून ठेवतो," हे त्यांचं कामावर येतानाचं पहिलं वाक्य. उंच, सावळे, अंगात इस्त्रीचा सदरा, भेटल्यावर खणखणीत जय भीम. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला, घाट उतरलेला हा माणूस भेवाबद्दल असा बोलायचा, जसा एखादा आपल्या बीपीबद्दल बोलतो. "ब्रेक अन् भेव, दोनी चालू पाह्यजे," ते म्हणत. "एक बी गेला तं गाडी उभी करा लागते." आम्ही मागे त्यांना भेवकाका म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं.

ते दिवसच भ्यायचे होते म्हणा. कापसाचा भाव पडलेला, वर्तमानपत्रं आमच्या जिल्ह्याचं नाव रोज छापत होती, आणि ते कशासाठी छापतात हे कुणी घरात मोठ्यानं बोलत नव्हतं. मी वावरातून यायला तासभर उशीर केला की आई शेजारच्याला धाडायची. तो यायचा, मला धुऱ्याच्या बांधावर बिडी ओढताना बघायचा आणि तसाच परत जायचा. नुसत्या शेतीवर भागायचं नाही हे उघड होतं, म्हणून मी मालवाहतुकीची गाडी घ्यायचं आणि ती चालवायला काकांना ठेवायचं ठरवलं.

गाडी कोणती, यावर मी आणि काका महिनाभर भांडलो. पुसदच्या एका माणसाचा सहाचाकी ट्रक विकायचा होता. एका खेपेत सहा घरांचा कापूस मावेल असा. काकांचं म्हणणं, पिकअप घे, चारही चाकं ओढणारी.

"पिकअपमध्ये मावतो किती काका? फेऱ्या मारून मारून मरीन मी."

"फेऱ्यानं कोणी मरत नाही बाप्पा. चिखलात चारी चाकं ओढते ते. अन् भरली तरी तारेच्या खाली राह्यते."

"तार उचलता येते की."

काका म्हणाले, "वासुदेव, माहा भाऊ, उचलत जाये. एक डाव बांबू दहिवरात बाहेर राह्यला, वला झाला. गाडी मीच चालवून राह्यलतो." पुढचं मला विचारावं लागलं नाही. पण ट्रकचं वेड गेलं नाही. मी पुसदवाल्याकडून ट्रक हंगामापुरता भाड्यानं आणला. आधी वापरून बघू, मग घेऊ.

पहिल्याच खेपेला सहा घरांचा कापूस भरला. चार माणसांनी आत नाचून नाचून तुडवला, फाळक्याच्या वर पुरुषभर उंच चढवला, चहूबाजूंनी गोणपाटाच्या पल्ल्या बांधल्या. आठवडाभर बंद असलेलं खरेदी केंद्र त्या दिवशी उघडणार होतं आणि पहाटेपासून तिथे गाड्यांची रांग लागली असणार होती. तार उचलणारा गडी ऐन वेळी आला नाही. मी म्हटलं, मी चढतो.

"मी नाही नेत," काका म्हणाले.

"साडेसातला लाइन जाते. आठ वाजलेत. कायले भेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलवर घरी गेले आणि आपला बांबू घेऊन आले. तो त्यांच्या घरी चुलीच्या वर आढ्याला टांगलेला असे, धुरानं काळाभोर झालेला, खडखडीत वाळलेला. "नेतो. पण काठी माही," एवढंच बोलले.

गुडघाभर कापसात उभा राहून मी पहिली तार उचलली. ट्रक इंच इंच पुढे सरकत होता. तार वर गेली, हलली आणि वरच्या तारेला लागली. फाडकन आवाज झाला. निळा उजेड पडला आणि ठिणग्या माझ्या आजूबाजूला, कापसावर, माझ्या बाहीवर पडल्या. भारनियमनाचं वेळापत्रक त्या दिवशी बदललं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. हातातला बांबू ओला असता तर नंतर कळायला मी नसतो. मी वेड्यासारखा पायानं कापूस तुडवत होतो. 

काकांनी ट्रक तारेपलीकडे काढला, मोकळ्या पडीक जागेवर नेऊन उभा केला आणि खाली उतरून म्हणाले, "उतर. सगळा कापूस खाली घ्या."

"विझलंय सगळं. मी तुडवलं."

"कापसातली आग दिसत नाही. थे आत जाऊन बसते. तिसऱ्या दिवशी बी निंगते."

गावची माणसं जमली. पल्ल्या सुटल्या, कापूस ताडपत्र्यांवर आणि ताडपत्र्या संपल्यावर नुसत्या जमिनीवर यायला लागला. आम्ही खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपत होतो. दाबलेला कापूस आतून मुळातच उबदार असतो. दर वेळी हात आत गेला की वाटायचं, लागली. मी हात बाहेर काढून वास घ्यायचो, आणि शेजारचा माणूस माझ्या तोंडाकडे बघायचा. काका मूठ मूठ कापूस नाकाशी नेत होते.  दुपार होईपर्यंत आम्ही शेवटच्या पुंजक्यापर्यंत सगळं उलगडलं.

काही निघालं नाही.

कापसाला माती आणि कुसळं चिकटली होती. केंद्राच्या रांगेत लागायची वेळ गेली होती. सहा घरांची माणसं माझ्याकडे बघत होती, आणि सकाळपासून अंगात साठलेलं सगळं भय माझ्या तोंडावाटे बाहेर पडलं. मी काकांना नको ते बोललो. तुमच्या भेवापायी लोकांच्या वर्षाची माती झाली, असं चारचौघांत म्हणालो. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणालो.

काकांनी कपाळाचा घाम पुसला. "आग नाही निंगाली," ते शांतपणे म्हणाले. "मंग तू कायले रागावून राह्यला?" किल्ली माझ्या हातात दिली, बांबू सायकलला बांधला आणि निघून गेले.

त्यानंतर चार रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की बाहीवर ठिणगी पडायची. पुसदवाला सौदा पक्का करायला आला तेव्हा मी ट्रकच्या फाळक्याला हात लावला आणि हात मागे घेतला. त्याला सांगितलं, आमच्या पांदणी अरुंद आहेत. सरळ सांगायला लाज वाटली की मला भेव लागतं. पुढच्या हंगामाआधी मी पिकअप घेतली. ती चिखलातून निघते आणि तारेच्या खालून जाते. फेऱ्या दुप्पट पडतात.

ती दाखवायला मी काकांच्या घरी गेलो, पण माझ्या लाजेनं उशीर केला होता. उमरखेडला लेकीकडे असताना झोपेतच ते गेले, त्याला दोन महिने झाले होते. काकूंनी चहा ठेवला. मी खाली मान घालून बसलो होतो. त्या दिवशी मी जे बोललो ते तुम्हाला कळलंच असेल, असं कसंबसं म्हणालो.

"कळलं नं," काकू म्हणाल्या. "म्या इचारलं त्याहिले, पोरानं चारचौघांत हाकललं तुमाले, राग नाही आला? तं म्हणे, रागावू दे नं त्याले. रागावाले थो आहे तं सही."