खोट नसलेला सुरा

सातारा आणि सांगली या दोन्ही मुलखांत शिकारी सुऱ्याचं आबांइतकं ज्ञान कुणाला नव्हतं, आणि आबांइतकं वाईट गिऱ्हाईकही कुणी नव्हतं. आबा माझ्या वडिलांचे, म्हणजे आण्णांचे, दोस्त. एका संस्थानिकाच्या शिकारखान्यात त्यांची उमर गेली. लढाई लागली, काडतुसं मिळेनात, शिकारखाना बंद पडला आणि आबा घरी बसले. घरी बसले म्हणजे आमच्या भट्टीवर बसले. पलूसजवळच्या आमच्या गावात वडील सुरे घडवायचे, आणि दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, आबा चार मैल चालत आपला सुरा न्यायला यायचे. पाच वर्षं आले. सुरा काही नेला नाही.

त्यांची पारख करायची तऱ्हाच वेगळी. आधी पात्याचा वास घ्यायचे. मग ते कानाशी धरून नखानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. तोवर ऐरणीवर घण पडता कामा नये. शेवटी हातावरचे चार केस भादरायचे. त्या पाच वर्षांत त्यांचा डावा हात कायम गुळगुळीत होता. भोवती बसलेले पाच-सात शौकीन निकालाची वाट बघायचे, आणि निकाल ठरलेला. "पातं हरणाच्या शिकारीचं हाय गड्या, पर मूठ डुकराच्या शिकारीची झालीया."

"आवं, पाच वर्सांत पोरगी दाखवली असती तर नातवंडं खेळली असती," वडील म्हणायचे.

"मग पोरगीच दाखव. तिचं नाक तरी सरळ आसंल. ह्याचं टोक बघ."

वडील हसत मूठ उतरवायचे, पातं पुन्हा भट्टीत सारायचे आणि आबांना चहा यायचा.

अशात मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण तेव्हा तो कुठं वापरावा हे कळत नव्हतं. चार गुरुवार मी आबांची एकेक खोट वहीत उतरवली, वडील "कशाला रं" म्हणत असताना ती दुरुस्त करून घेतली, आणि पाचव्या गुरुवारी सगळ्यांसमोर वही वाचून दाखवली. सुरा एका बोटावर तोलला पाहिजे, ही आबांची शेवटची अट. मी तो त्यांच्याच बोटावर ठेवला. हलला नाही.

"आता खोट सांगा, नाहीतर घेऊन जा," मी म्हणालो.

आबांनी वास घेतला नाही, टिचकी मारली नाही. सुरा धोतराच्या सोग्यात गुंडाळला. "ब्येस झालाय," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. शौकिनांनी माझी पाठ थोपटली. वडील तेवढे म्हणाले, "लय शिकलास. त्यो सुरा न्यायला येत हुता व्हय?"

पुढचे तीन गुरुवार आबा आले नाहीत, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. सुरा खुंटीला होता, तेल लावलेला. त्यानं कांदासुद्धा चिरला नव्हता. मी खोटं बोललो. "आण्णा म्हणतात, मुठीत खोट राहिलीय. घेऊन या."

आबा हसले. "न्हाई रं पोरा. चार मान्सांत तूच दावलंस, खोट न्हाई म्हणून. आता कंच्या तोंडानं येऊ?"

आले नाहीत. दोन वर्षांनी गेले. आता नवं पातं झालं की वडीलच ते कानाशी धरून टिचकी मारतात. घण थांबलेला असतो. काय ऐकू येतं, ते मी विचारत नाही.