सोनिकाने फोटो ऐकले

गोंदियाजवळच्या मुर्री गावच्या झामसिंग पटल्यांची मुलगी सोनिका जन्मापासून आंधळी. गोंदियाच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकते. पडद्यावरचं सारं लॅपटॉप तिला वाचून दाखवतो, आणि ती ऐकत ऐकत कोड लिहिते.

हिवाळ्यात वर्गाची सहल कचारगडची डोंगरातली गुहा पाहायला गेली. सोनिकाही गुहेपर्यंत चढली. नंतर वर्गातल्या खुशालनं सहलीच्या फोटोंचं वेबपेज बनवलं आणि जो तो त्या पेजबद्दलच बोलू लागला. सोनिकानं पेज उघडलं, तर लॅपटॉप नुसता म्हणत राहिला, "इमेज, इमेज, इमेज."

तिनं वर्गातल्या मैत्रिणीला, नीतूला, फोन केला. नीतू म्हणाली, फोटोवर माऊस नेला की खाली एक ओळ उमटते, त्या ओळी मीच लिहिल्या. सोनिका ताडकन उठून बसली. ओळ उमटते, म्हणजे ती पेजच्या कोडमध्ये कुठेतरी असणारच!

फोटोचं वर्णन कोडमध्ये 'ऑल्ट' नावाच्या गुणधर्मात ठेवायची रीत आहे, लॅपटॉप तेच वाचून दाखवतो. तिनं गुणधर्म विचारणारी गेट-अ‍ॅट्रिब्यूट ही आज्ञा वापरून तोच मागितला. उत्तर आलं, "नल". म्हणजे खुशालनं तो दिलाच नव्हता. मग तिनं फोटोलाच विचारलं, तुझ्याकडे गुणधर्म तरी कोणते आहेत? लॅपटॉप बोलला, "क्लास, एसआरसी, डेटा-कॅप्शन."

डेटा-कॅप्शन! कॅप्शन म्हणजे फोटोखालची ओळच. तिनं कोडमध्ये 'ऑल्ट'च्या जागी ते नाव टाकलं, प्रत्येक फोटोला तोच प्रश्न विचारायला लावला आणि एंटर दाबलं.

फोटो बोलू लागले. "पायऱ्यांवर धापा टाकणारा खुशाल." "गुहेच्या तोंडाशी सगळे." आणि मग, "आत अंधार, टॉर्च बंद पडला. सोनिका पुढे, आम्ही तिचा हात धरून मागे."

तिला एकदम हसू फुटलं. झामसिंग अंगणातून आत आले.

"काऊन हासून राहिली व?"

"बाबा, ऐका. या फोटोत मी आहो!"

त्यांनी ऐकलं. मग पडद्याजवळ वाकून तो फोटो पाहिला.

"अंधारात काही दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "तू वाचलं म्हणून समजलं."

सोनिकानं आणखी एक ओळ लिहिली, डेटा-कॅप्शनमधलं सारं 'ऑल्ट'मध्ये टाकणारी, आणि कोड खुशालला पाठवला. त्यानं लगेच तो पेजवर चढवला आणि फोन करून म्हणाला, आता पुढची पेजेस आपण दोघं मिळून बनवू.

सोनिकानं पेज पुन्हा उघडलं, आणि लॅपटॉप आपणहून एकेका फोटोची ओळ वाचू लागला. या वेळी तिनं आईलाही जवळ बसवून घेतलं होतं.