अँब्युलन्समधला पेट्रोलचा वास

“साहेब, तुमी स्वतः बसून पहा आत. दरवाजे लावून. मंग सांगा मले, हे नॉर्मल हाय म्हणून!”

लक्ष्मीबाई सिस्टर माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मे महिन्यातली दुपार होती. आवारात त्यांच्या दवाखान्याची पांढरी व्हॅन उभी होती. कनेरगाव नाक्याजवळ छोटा खासगी दवाखाना आहे, त्याची ही अँब्युलन्स. पेट्रोलवर चालणारी. मी हिंगोलीतल्या या वर्कशॉपचा सर्व्हिस मॅनेजर. गाड्या दुरुस्त करण्यात माझी चोवीस वर्षं गेली आहेत.

“काय झालं ते नीट सांगा,” मी म्हणालो.

“काल एक अडलेली बाळंतीण घेऊन इकडं सिव्हिलला निघालो. बाई कळा देऊन राहिली अन् वरून उलट्या. मले वाटलं, बीपी चढला. थोड्या येळानं माझंच डोकं गरगरायला लागलं. काच उघडली तवा जीवात जीव आला. अन् तिच्या नवऱ्यानं घाबरून खिशातून बिडी काढली! म्या हातावर फटकाच मारला त्याच्या. शेजारी ऑक्सिजनची टाकी, गाडीत पेट्रोलचा वास. काय झालं असतं, साहेब?”

“बाई?”

“बाई बरी हाय. लेकरूबी चांगलं हाय. पण ते तुमच्यामुळं न्हाई.”

त्यांनी याआधी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा आमच्या माणसानं सांगितलं होतं, पेट्रोलच्या गाडीत थोडा वास येतोच.

मी आधी ऑक्सिजनची टाकी बाहेर काढायला लावली, बॅटरीची वायर सोडवली. मग आत बसलो आणि दरवाजे लावले. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले.

गाडी ढकलत लिफ्टवर घेतली आणि वर उचलली. खाली उभं राहून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. जिथे कॅनिस्टर असायला हवा, तिथे नुसती रिकामी पट्टी होती.

कॅनिस्टर म्हणजे कोळशानं भरलेला एक काळा डबा. पेट्रोल उन्हात आपोआप उडतं, गाडी नुसती उभी असली तरी. ती वाफ टाकीतून एका पाईपनं या डब्यात येते. कोळसा ती धरून ठेवतो. गाडी चालू झाली की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. वाफ ना हवेत जाते, ना माणसांच्या नाकात. एवढंच त्या डब्याचं काम.

इथे डबाच नव्हता. इंजिनकडच्या पाईपला बूच ठोकलं होतं. टाकीकडचा पाईप उघडाच लोंबत होता, आणि त्याच्या बरोबर वर फ्लोअरला भोक होतं. तिथलं रबरी झाकण काढून परत लावलंच नव्हतं. सगळी वाफ सरळ स्ट्रेचरखाली.

जॉब कार्ड मागवलं. तीन आठवड्यांपूर्वी ही गाडी आमच्याकडेच आली होती. तक्रार: चेक इंजिनची लाईट लागते. आमच्या सुपरवायझरनं, माधवनं लिहिलं होतं, ‘लाईट क्लिअर केली.’ त्याखाली तपासणी ओके, आणि माझी सही.

माधवला बोलावलं.

“डबा कुठंय?”

“खराब झाला होता साहेब. पेट्रोल भरलं होतं आत. पार्ट मिळत नव्हता, गिऱ्हाईक घाई करून राहिलं होतं. काढून टाकला. लाईट गेली.”

“त्यांना सांगितलंस?”

“त्यात काय सांगायचं? गाडी चालते ना! सगळेच काढतात.”

“अँब्युलन्स आहे ती!”

“मंग तुमी सही काहून केली?”

त्या दिवशी मी टेबलावर बसूनच सह्या केल्या होत्या. राग माधववर होता, पण स्वतःवरचा जास्त जाळत होता.

आवाज ऐकून शेठ बाहेर आले. वर्कशॉप त्यांचं.

“पीयूसी पास आहे ना गाडी?” त्यांनी विचारलं.

“पीयूसीवाला सायलेन्सरच्या धुरात नळी घालतो, शेठ. टाकीच्या वाफेला कोण विचारतो?”

“मग त्या पाईपला पण बूच मारा आणि द्या गाडी. डबा आला की बोलावू.”

“टाकीला श्वास लागतो. सगळं बंद केलं तर उन्हात आत प्रेशर वाढेल. ही गाडी अशी जाणार नाही.”

“तुम्ही जास्तच ताणून राहिले.”

“बसा आत. पाच मिनिटं. मग म्हणाल ते करतो.”

गाडी खाली घेतली. सिस्टर, मेकॅनिक, सगळे बघत होते, त्यामुळे शेठना बसावं लागलं. मिनिटभरातच नाकाला रुमाल लावून बाहेर आले. मोबाईल काढून नांदेडच्या डीलरला फोन लावला. तीन आठवडे न मिळालेला डबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आला. याचा मला जास्तच संताप आला.

तोवर दवाखान्याला आमची गाडी दिली. नवा कॅनिस्टर, नवे पाईप, फ्लोअरचं झाकण मी स्वतः बसवलं. मग गाडी तासभर उन्हात बंद ठेवली आणि सिस्टरना आत बसवलं. त्या बराच वेळ बसल्या. उतरल्यावर म्हणाल्या, “आता न्हाई वास.” आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

डबा मुळात का बिघडला, ते त्यांच्या ड्रायव्हरला विचारल्यावर कळलं. पंपावर नोझल आपोआप थांबलं तरी तो टाकीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल भरून घ्यायचा. वाफेच्या वाटेनं पेट्रोलच डब्यात शिरलं आणि कोळसा भिजून निकामी झाला. हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

नंतर मी जुनी जॉब कार्डं काढली. त्याच लाईटच्या तक्रारीच्या आणखी चार गाड्या निघाल्या. चौघांना फोन केले. तिघे आले, तिघांचेही डबे गायब होते. आखाडा बाळापूरचा चौथा म्हणाला, “लाईट गेली ना साहेब, मंग कायले तकलीफ?” आणि फोन ठेवला.

माधवनं महिन्याभरात काम सोडलं आणि बायपासला स्वतःचं गॅरेज टाकलं. आमच्याकडे त्या लाईटच्या कामाला दोन दिवस लागतात. त्याच्याकडे अर्ध्या तासात लाईट जाते, त्यामुळे गर्दी त्याच्याकडे आहे. तुम्हाला जायचं तिकडे जा. फक्त गाडी परत घेताना खाली वाकून बघा, नेताना होतं ते सगळं सामान जागेवर आहे का.