आधी नाव, मग दळण

आमच्या गावात पिठाची गिरणी एकच आहे आणि ती मी चालवते. पाटीवर नवऱ्याचं नाव आहे, पण पट्टा मी चढवते, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी मी लावून घेते, बेअरिंग गेलं तर तालुक्याला, वडवणीला मीच पळते. नवऱ्याला पिठाच्या धुळीनं शिंका येतात, म्हणून तो शेतातच बरा. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते गिरणीमुळं झालं. समितीचं तर मला माहीतच नव्हतं.

एक दिवस लाईट यायच्या आधी ग्रामसेवक गिरणीवर आले. हातात फाईल. म्हणाले, "ताई, एक सही लागती." मी विचारलं, कशावर? तर म्हणाले, "समितीचा ठराव आहे. तुम्ही जैवविविधता समितीच्या सदस्य आहात ना."

मी म्हणलं, कधीपासून?

"झाली की दोन वर्षं."

दोन वर्षं मी सदस्य होते आणि मलाच पत्ता नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक पंचायतीला अशी समिती लागते. गावातली झाडंझुडपं, पाखरं, जनावरं, औषधी पाला यांची नोंद ठेवायची, आणि माळाचं, ओढ्याचं काय करावं हा सल्ला पंचायतीला द्यायचा. त्यात बायका असाव्याच लागतात. यादी करायची वेळ आली तेव्हा सरपंच म्हणाले, वहिनीचं नाव टाका, घरचीच बाई हाय. सरपंच म्हणजे माझे चुलत दीर.

कागद मी हातात घेतला. त्यात लिहिलं होतं की गायरानाचा माळ खडी क्रशरला द्यायला समितीची हरकत नाही, कारण नोंदवहीप्रमाणे त्या जागेवर नोंद घेण्याजोगं काही नाही. क्रशर दिरांच्या बीडच्या साडूचा. ते सगळ्या गावाला माहीत होतं.

आता हा माळ कुणाचा, तर ज्या बाईला स्वतःचं रान नाही तिचा. सीताफळाच्या दिवसांत निम्म्या गावच्या बाया पहाटे पाट्या घेऊन तिथं जातात आणि दिवस वर आला की रोडला बसून विकतात. शेळ्यांना चारा तिथंच. लेकराला खरचटलं तर दगडी पाला तिथला. क्रशर बसला की पहिल्या वर्षी झाडं जातील, दुसऱ्या वर्षी टेकडी जाईल, आणि उरलेल्या सगळ्यांच्या भाकरीवर धूळ बसेल. मी म्हणलं, मला आधी नोंदवही दाखवा. सही मागून बघू.

नोंदवही पंचायतीच्या कपाटात होती, छान बांधलेली, वर रंगीत फुलपाखरू. कुण्या एजन्सीची पोरं जीप घेऊन आलती, चहा पिऊन गेलती, त्यांनी केलेली. पहिलं पान उघडलं. गावातली फळझाडं: फणस, काजू, कोकम. पुढं मासे: सुरमई, बांगडा. ज्या गावाला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो त्या गावात सुरमई. समुद्राकडच्या कुठल्या तरी गावाची वही नाव बदलून आमच्या गळ्यात मारली होती. मला हसू आलं, चांगलं खळखळून आलं, ग्रामसेवकही हसले.

मग गायरानाचं पान काढलं. तिथं गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर. झाडं, प्राणी, पक्षी, वनस्पती, सगळ्या रकान्यांत एकच शब्द: निरंक. एवढं एकच पान त्यांनी आमचं म्हणून लिहिलं होतं. खाली समितीच्या सात सह्या, त्यात एक माझ्या नावाची, आणि ती मी केलेली नव्हती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

ग्रामसेवक म्हणाले, "त्या टायमाला तुम्ही माहेरी गेलत्या, म्हणून..."

मी म्हणलं, "मग ज्यानं ती केली त्यालाच हीबी करायला सांगा." आणि गिरणीवर परत आले. लाईट आली होती आणि बाया खोळंबल्या होत्या.

संध्याकाळी दीर घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "वहिनी, कावून अडून बसल्या? हाय काय त्या माळावर? कुसळं अन् दगडं."

नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "तू कशाला पडतीस त्यात? भावकीत वाईटपणा."

"भावकीनं माझी खोटी सही केली तवा कुणाला वाईट वाटलं न्हाई," मी म्हणलं. नवऱ्यानं रिकामे कप उचलले. तो मनानं वाईट नाही, पण भावकी म्हणलं की मूग गिळून बसतो.

दीर हसले. त्यांचं हसणं मला पहिल्यापासून आवडत नाही. "बरं, तुमी समितीवर हायेत ना? मग तुमीच दावा लिहून काय हाय ते. आठ दिवसांनी ग्रामसभा हाय. तवर घ्या लिहून." असं म्हणून ते चप्पल घालून गेले. त्यांना वाटलं, चेष्टा केली. मी रात्रीच शंभरपानी वही शोधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वही गिरणीच्या काट्याला सुतळीनं बांधली आणि नियम केला. आधी माळावरलं एक नाव सांगायचं. झाड, पाला, पाखरू, जनावर, काहीही. माळावर कुठं, कशाच्या कामाचं, तेही सांगायचं आणि समोर सही नाही तर आंगठा. मग डबा काट्यावर.

पहिल्या दिवशी लई बोलणी खाल्ली. एकीनं डबा उचलला, म्हणाली वडवणीला नेऊन दळते, आणि बस चुकली म्हणून दुपारी परत आली. तिनं रागानं तरवड सांगितला. एकीनं चिमणी सांगितली. मी म्हणलं, चिमणी तुझ्या घरात बी हाय, माळावरलं सांग. बाप्येही कधी कधी डबा घेऊन येत. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "दळणाला बी परीक्षा लागली का बे?" आणि दोघं बराच वेळ बाहेर उभं राहून घोरपड सांगायची का साळिंदर यावर भांडले. मी दोन्ही लिहून घेतले.

तिसऱ्या दिवसापासून बायाच इरेला पेटल्या. घरून ठरवून यायच्या. कुणी आधीच सांगितलेलं निघालं की चिडायच्या. हिवर, पळस, आपटा, खैर, शतावरी, गुळवेल, पाथरी, कुर्डू. होला, टिटवी, चंडोल. ससा, मुंगूस, हरणाचा कळप जो सुगीनंतर वरच्या अंगाला उतरतो. पीठ लागलेल्या हातानं मी लिहीत होते, वहीची पानं पांढरी होत होती.

पण निम्मी वही भरली ती आत्याबाईंनी. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात, चुलत असली तरी. या दिरांच्या आई, सरपंचाच्या आई. सत्तरी कधीच ओलांडलेली, तरी चार शेळ्या घेऊन रोज माळावर जातात. लेक किती तरी वेळा म्हणाला, शेळ्या विकून टाक, सरपंचाची आई शेळ्या वळती हे शोभत न्हाई. त्या हो म्हणतात आणि सकाळी काठी घेऊन निघतात. मूठभर दळण घेऊन रोज यायच्या आणि एकाच्या जागी पाच नावं सांगायच्या. खोकडाचं बीळ कुठल्या दगडाखाली आहे, कुठलं गवत शेळी आधी खाते, कुठलं तोंडात धरून टाकते, हे सगळं. त्यांना लिहिता येत नाही. त्यांच्या आंगठ्यांनी पानंच्या पानं निळी झाली.

एकदा लिहिता लिहिता मी विचारलं, "आत्याबाई, कशाला लिहितोय हे ठावं हाय ना?"

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "माळ गेला तर म्या दिवसभर काय करू? घरी बसून पत्रे मोजू?"  मी पुढचं नाव लिहिलं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दिरांकडं बीडचे पाहुणे आले. त्यात तो साडूही होता. घरातलं ज्वारीचं पीठ संपलेलं. जाऊबाई डबा घेऊन दोनदा आल्या आणि नाव सांगायला घाबरून दोनदा तशाच गेल्या. शेवटी दीर स्वतः गाडीवर डबा घेऊन आले. गिरणीत सात-आठ बाया होत्या.

"काय लावलंय हे, वहिनी?"

"नियम सगळ्यास्नी सारखा, भाऊजी."

त्यांनी बायांकडं बघितलं. चिडावं तर पाहुणे जेवायचे खोळंबलेले, आणि बायांसमोर चिडून शोभा होणार. मग हसून म्हणाले, "घ्या लिहून. तितर. खालच्या अंगाला, हिवराखाली. शाळा चुकवून फासे लावायचो तिथं." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण थांबले नाहीत. एक तितर धरून पिंजऱ्यात ठेवलता, म्हणाले, त्यो दाणा खाईना, तिसऱ्या दिवशी मेला, आई दोन दिवस बोलली न्हाई. हे सांगताना त्यांचा आवाज सरपंचाचा राहिला नव्हता. मला त्या घडीला त्यांची माया आली, खोटं कशाला बोलू. तरी वही पुढं केली. त्यांनी झोकात सही ठोकली. मी ज्वारी बारीक दळून दिली.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावलं आणि दारावर खडूनं लिहिलं, दळण ग्रामसभेनंतर. एरवी ग्रामसभेला बाई दिसत नाही. त्या दिवशी बाया डबे डोक्यावर घेऊन आल्या आणि डबे पुढ्यात ठेवून बसल्या. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. गायरान क्षेत्रावर नैसर्गिक संपदा निरंक.

मी उभी राहिले. वही पदरानं धरली होती. म्हणलं, समितीची सदस्य म्हणून मला सल्ला द्यायचाय. आणि वाचायला लागले. दोन पानं झाली तशी मागून कुणी तरी म्हणालं, ही काय सरकारी वही हाय का?

दिरांनी तेच धरलं. "वहिनी, शिक्क्याची नोंदवही पंचायतीत हाय. ही तुमची गिरणीची."

"शिक्क्याच्या वहीत आपल्या गावात सुरमई हाय," मी म्हणलं. "गावात कुणी सुरमई बघितली आसंल तर हात वर करा."

लोक हसले. सभेला आलेल्या साडूच्या माणसानं मान खाली घातली. मी म्हणलं, आता शेवटची नोंद वाचते आणि बसते. "तितर. खालच्या अंगाला, हिवराखाली. सांगणार, गावचे सरपंच. समोर सही."

कुणी हसलं नाही. सगळे दिरांकडं बघत होते.

"ते दळणासाठी सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

"मग खोटं सांगितलं का, भाऊजी?"

त्यांनी बायांकडं बघितलं. बाया बसल्या होत्या तिथं कोपऱ्यात आत्याबाई होत्या, त्यांनी लेकाकडं बघितलं नाही, शेळ्यांचा दोर बोटाला गुंडाळत बसल्या. मग ग्रामसेवकांनी लिहिलं, विषय तहकूब. मी वहीची झेरॉक्स काढून वडवणीला पंचायत समितीत दिली आणि आवकचा शिक्का मारून घेतला. मग गिरणी उघडली.

याचं व्हायचं ते झालं. दिरांच्या घरचं दळण वडवणीला जायला लागलं. नवरा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. चार महिन्यांनी नवी समिती झाली आणि त्यातून माझं नाव गेलं. मला वाईट वाटलं, वाटणारच. नको असताना घेतलं, हवं झालं तेव्हा काढलं. पण बाईमाणूस तर यादीत लागतंच. तेव्हा दिरांनी पुन्हा घरचीच बाई बघितली, या खेपेला वाचता न येणारी. स्वतःची आई घेतली.

परवा सकाळी आत्याबाई गिरणीवर आल्या. शेळ्या बाहेर उभ्या केल्या. आता कुणी विचारत नाही तरी सवयीनं एक नाव सांगितलं, मग डब्याखालून घडी केलेला कागद काढला. "ह्याच्यावर आंगठा दी म्हणला. वाच."

मी वाचला. तोच माळ, तोच क्रशर, फक्त तारीख नवी.

"निरंक म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"माळावर कायबी न्हाई, असं."

त्यांनी फिरत्या पट्ट्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग माज्या शेळ्या इतकी वरसं काय खात्यात?"

 त्यांनी कागदाची परत घडी केली, कमरेला खोचली, काठी उचलली. "आंगठा माजा हाय," म्हणाल्या. "त्यो इचारायला आला तर सांग, आई माळावर गेली."

दुपारी दीर आले. ग्रामसभेनंतर पहिल्यांदा गिरणीची पायरी चढले. आई इकडं आलती का, म्हणाले. मी पट्टा थांबवला नाही. म्हणलं, "माळावर हायेत, भाऊजी. खालच्या अंगाला, हिवराखाली. तिथंच जाऊन मागा आंगठा."