चोरीला गेलेला आवाज

चांदूर बाजारचं ते प्रकरण आठवलं की मला अजून स्वतःचाच राग येतो. साठ सालानंतरची गोष्ट. मी तिथे ठाणेदार होतो.

एका सकाळी एक गवई ठाण्यात आला. धम्मदीक्षेनंतर लग्नकार्यांत गाणी म्हणत वऱ्हाडभर फिरणारा, गळ्यावर पोट असलेला माणूस. म्हणाला, "साहेब, माहा आवाज चोरीले गेला." मी त्याला बसवलं. शेजारच्या गावात दोन लग्नं झाली. दोन्हीकडे लाउडस्पीकरवाल्याने टेपचं रीळ लावून कर्ण्यावर त्याचीच गाणी वाजवली आणि त्याला कोणी बोलावलंच नाही. "माहा आवाज लग्नात अन् मी घरी उपाशी," तो म्हणाला. "आता मले कोन बलावते?"

चोरीस गेलेल्या मालाच्या रकान्यात हवालदाराने 'आवाज, एक' असं लिहिलं. मी त्याला झापलं, पण दुसरं काय लिहावं हे मलाही सुचेना. असल्या गोष्टीला कायदा होता म्हणतात. आमच्या ठाण्यात त्याची प्रत कोणी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं की लाउडस्पीकरवाला पुन्हा एका मांडवात तेच रीळ लावणार आहे. आम्ही टेपरेकॉर्डर आणि रीळ उचललं, पंचनामा केला. लाउडस्पीकरवाला पक्का होता. तासभर एकच पालुपद, "अकोल्याहून आनलं साहेब, कोनी देल्लं याद नाही." अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो. मी गवयाला बोलावलं आणि त्याच्यासमोर रीळ लावायला सांगितलं.

चौथ्या गाण्याला गवई ताठ झाला. ज्या घरी गायचं तिथल्या लेकराचं नाव शेवटच्या कडव्यात घालायची त्याची रीत होती. "हे नाव डागदरच्या पोरीचं," तो म्हणाला. "अकोल्याले तिच्या बारशात गायलो होतो मी." मग लाउडस्पीकरवाल्याने रीळ त्या डॉक्टरांकडूनच उतरवून आणल्याचं कबूल केलं.

निरोप मिळताच डॉक्टर बसने आले. भला माणूस. "मी विकलं नाही हो," ते म्हणाले. "घरी ऐकायला भरून घेतलं. ज्याने मागितलं त्याला उतरवून दिलं. इतकं चांगलं गाणं एकट्याने काय ऐकायचं?" माझा पारा चढला. फुकटात गाणं वाटता, गरिबाच्या पोटावर पाय देता, असं बरंच सुनावलं.

गवयानेच मला थांबवलं. "साहेब, काहून रागावता त्यायले? बारशाची बिदागी त्यायनं देल्ली होती. पोलीस लाइनीत तीन वर्षांपासून गाऊन राहिलो मी. तिथं निस्ता चहा भेटते."

हवालदार खिडकीबाहेर पाहू लागला. तिन्ही वर्षं बोलावणं मीच धाडलं होतं.

प्रकरण समजुतीने मिटलं. लाउडस्पीकरवाल्याचं रीळ पुसलं. डॉक्टरांनी आपलं घरापुरतंच ठेवायचं कबूल केलं. नोकरीत मी पुष्कळ चोर धरले, पण त्यांना आपण चोर आहोत हे ठाऊक असे. डॉक्टरांना आणि मला ते ठाऊकच नव्हतं. गाणं आवडलं, मान डोलावली की आपलं देणं संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी खिशातून पैसे काढून गवयापुढे धरले. त्याने हात मागे घेतला.

"फुकटचे नाही घेत मी," तो म्हणाला. भर दुपारी, माझ्याच टेबलावर ठेका धरून तो तासभर गायला. मगच त्याने पैसे घेतले.