भूकंपाची बॅग आणि दसऱ्याची विंडोज

आमच्या घरात नवऱ्याला सगळे सर म्हणायचे. क्लासची पोरं म्हणायची, दूधवाला म्हणायचा, घरमालक म्हणायचा. पोरांसमोर नाव कसं घ्यायचं म्हणून मीही सर म्हणायला लागले आणि ती सवय आजतागायत सुटली नाही. मला मात्र सगळे काकू म्हणायचे. काकू, पाणी. काकू, पेपर कधी मिळणार? काकू, सर झोपलेत का? मी बी.एस्सी. झालेली, तेही गणितात. पण लातुरात कुणाला त्याचं काय! तिथं तेव्हा गल्लीगल्लीत क्लास उघडले होते. खेड्यापाड्यातून पोरं येऊन एका खोलीत चौघं-चौघं राहायची, मेसचा डबा खायची आणि सरांसारखे गणिताचे सर म्हणजे त्यांना देवच वाटायचे.

देवाचे पेपर कोण टाईप करायचं, तर काकू.

कॉम्प्युटर आमच्या घरी लवकर आला. सरांच्या हौसेनं आला आणि माझ्या गळ्यात पडला. सरांना तो चालू करता यायचा, बंद करायला मला हाक मारायचे. वर्गमूळ, इंटिग्रेशनचं चिन्ह, खाली-वर बारीक आकडे, हे सगळं कसं घालायचं ते मी स्वतः धडपडून शिकले. दोन-अडीच वर्षांत अख्ख्या बारावीच्या गणिताची प्रश्नपेढी त्यात जमा झाली. नुसतं टाईप केलं असं नाही. सर एक गणित द्यायचे, मी त्यावरून चार करायचे. सरांना वाटायचं, मी आकडे बदलते. मी आकडे बदलत नव्हते, गणित बदलत होते. पण मीही कधी बोलले नाही.

आता त्या बॅगेचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं लग्न झालं त्याच वर्षी भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते. आम्ही सासरच्या गावी होतो, निलंग्याजवळ. माती-दगडाची भिंत पडली ती आतल्या खोलीत, आणि आम्ही सगळे उकाड्यामुळं अंगणात. माणसं वाचली. भिंतीखाली माझी ट्रंक होती, आणि ट्रंकेत माझ्या मार्कशीट, डिग्री सगळं. त्यानंतर पाऊस लागला. ट्रंक बाहेर काढली तेव्हा आत कागदाचा लगदा होता. शेजारच्या गावांत घरंच्या घरं गेली होती, तिथं मी कागदासाठी कोणत्या तोंडानं रडणार? रडले नाही. पण आत कुठंतरी लई लागलं. दुय्यम प्रती पुढं काढल्या, पण तोवर माझ्या नोकरीचं बोलणं मागं पडलं ते पडलंच.

तेव्हापासून मी दारामागं एक बॅग भरून ठेवायला लागले. लातुरात तेव्हा बऱ्याच घरांत अशी बॅग असायची. टॉर्च, रेशनकार्ड, मार्कशीट, एक-एक जोड कपडे, गूळ-शेंगदाणे. जमीन हलली की बॅग उचलायची आणि पळायचं. हळूहळू लोकांनी बॅगा रिकाम्या केल्या, मी नाही केली. क्लासची पोरं विचारायची, "काकू, गावाला चाललात का?" सर हसायचे. म्हणायचे, "डोक्यावर पत्रे आहेत, पत्र्याखाली कोण मरतंय? एवढी बॅग घेऊन पळशील तर उंबऱ्यातच अडकशील." हसा म्हटलं. माझ्या भीतीनं तुमचं काय जातंय!

मग झालं असं की सरांनी नवा लेझर प्रिंटर आणला. आणि तो प्रिंटर आमच्या जुन्या विंडोजवर चालेना. दुकानदार म्हणाला, नवी विंडोज टाका, एक्सपी. माझी धाकटी बहीण नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती, कॉम्प्युटरलाच. तिला फोन केला, तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं, मी सुट्टीत येणारच आहे, टाकून देते." दसऱ्यानंतरच्या रविवारी सरांनी पहिल्यांदाच मोठी सराव परीक्षा ठेवली होती. दुसऱ्या क्लासची पोरंही बसणार होती. नवा पेपर कॉम्प्युटरमध्ये तयार होता, फक्त नव्या प्रिंटरवर काढायचा होता. या एका परीक्षेवर पुढच्या वर्षी पोरं आपल्याकडं येतील की चौकातल्या मोठ्या क्लासला जातील, ते ठरणार होतं. सर झोपेत गणितं बडबडत होते.

बहीण आली ती नेमकी खंडेनवमीला. एसटीनं अंग मोडून आली तरी हातपाय धुऊन लगेच म्हणाली, "ताई, आधी सगळ्या फाईलींची कॉपी काढून घेऊ."

सर म्हणाले, "आज हात लावायचा न्हाई."

कॉम्प्युटरची पूजा झाली होती ना! मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळद-कुंकू, माऊसला अक्षता. खंडेनवमीला हत्यार पुजलं की ते दिवसभर विसावतं, त्याला काम सांगायचं नसतं. गणिताचा माणूस हा, सिद्ध झाल्याशिवाय एक ओळ मानायचा नाही. पण खंडेनवमी आली की सगळं गणित खुंटीला.

"उद्या दसरा," सर म्हणाले, "दुपारी विजयमुहूर्तावर नवी विंडोज टाकायची. तोपर्यंत कुणी शिवायचं न्हाई."

"दाजी, विंडोजला कसला मुहूर्त?"

"तू टाक म्हटल्यावर टाक."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आरती, आपट्याची पानं, पाव्हणेरावळे यातच दुपार झाली. मुहूर्त लागला तसे सर घड्याळ घेऊन बहिणीच्या डोक्यावर उभे राहिले. कॉपी काढायची राहिलीच. ती म्हणाली, "राहू दे ताई, प्रश्नपेढी सगळी डी ड्राईव्हमध्ये आहे, मी फक्त सी पुसणार." निळा पडदा आला. दोन ओळी होत्या, वरची सी, खालची डी. वरची पुसायची आणि खालची राखायची, एवढंच. पण मागून सर, "आटप, आटप, मुहूर्त चाललाय," म्हणत होते. कॉलेजच्या लॅबमध्ये या पोरीला सगळंच साफ करून टाकायची सवय. हात सवयीनं चालला.

तेव्हा आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. आम्ही पडद्यावरची पट्टी पुढं सरकताना बघत, पुरणपोळी खात बसलो होतो. शेवटी नव्या विंडोजनं विचारलं, हा कॉम्प्युटर कोण कोण वापरणार? पाच रिकाम्या चौकटी होत्या.

सर म्हणाले, "सर लिही."

बहिणीनं इंग्रजीत सर लिहिलं आणि माझ्याकडं बघितलं. "ताई, तुझं?"

"एकच पुरे," सर म्हणाले, "कशाला पसारा!"

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. ज्याला तो बंद करता येत नाही त्याचं नाव, आणि जिनं त्यावर बोटं झिजवली ती पसारा! सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कढई जरा जास्तच जोरात घासली.

तेवढ्यात बहिणीची हाक आली. ती हाक अजून माझ्या कानात आहे. "ताई... डी दिसत न्हाई गं."

पडद्यावर हिरवागार डोंगर, वर निळं आभाळ, आणि आत काहीच नाही. प्रश्नपेढी नाही, रविवारचा पेपर नाही. दोन-अडीच वर्षांचं काम मुहूर्तावर साफ. सर बाजेवर बसले ते डोकं धरूनच. बहीण हुंदके देऊन रडायला लागली, "दाजी, माझ्यामुळं झालं." सर तिला रागावले नाहीत, हे मात्र मी मानते. एवढंच म्हणाले, "रविवारी पोरांना काय तोंड दाखवू?"

आणि मी काय केलं? मी दारामागं गेले आणि बॅग आणली.

बॅगेत तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात फ्लॉप्या. दर शनिवारी आठवड्याचं टायपिंग मी त्या त्या धड्याच्या फ्लॉपीवर उतरवून त्यात टाकत होते. असं करावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कॉम्प्युटर रिकामा होईल असं तर स्वप्नातही नव्हतं. घर पडेल, एवढीच मला भीती. एकदा माझं सगळं भिंतीखाली गेलं होतं, दुसऱ्यांदा जाऊ द्यायचं नाही, बस्स.

बहिणीनं डबा उघडला आणि रडता रडता हसायला लागली. "ताई, अगं तू तर बॅकअप घेऊन ठेवलास!"

"बॅकअप-बिकअप मला माहीत न्हाई," मी म्हणाले, "ती भूकंपाची बॅग हाय."

सर बाजेवरून उठून डब्यापाशी आले. "उंबऱ्यात अडकले का मी?" मी विचारलं. एवढा तर माझा हक्कच होता.

एक-एक फ्लॉपी घातली. प्रत्येक वेळी आम्ही तिघं श्वास धरून. लिमिट्स आलं. मॅट्रिक्स आलं. डेरिव्हेटिव्ह आलं, रविवारचा पेपरही जवळजवळ सगळा आला. पण इंटिग्रेशनची फ्लॉपी नुसती खर्र खर्र करायला लागली. पुसली, फुंकली, परत घातली. खर्र. गेली ती गेलीच. पेपरातली इंटिग्रेशनची गणितंही तिच्यातच होती.

"जाऊ दे," सर म्हणाले, "इंटिग्रेशन वगळू."

"बारावीचा पेपर आणि इंटिग्रेशन न्हाई? लोक तोंडावर हसतील. सरका."

मी खुर्चीवर बसले. सरांना वाटलं, मी जुनी गणितं आठवून टाईप करायलेय. जुनं मी एकही घातलं नाही. आता कुणासाठी राखून ठेवायचं? डोक्यात जे होतं ते ओतलं. बहीण शेजारी बसून चिन्हं बघत होती आणि मध्येच म्हणत होती, "आई गं, हे पोरांना सुटायचं न्हाई." पान झालं तसं नव्या प्रिंटरवर काढलं. त्या प्रिंटरमधून निघालेलं पहिलं पान ते. गरम गरम पान सरांच्या हातात दिलं.

सर बाजेवर पेन घेऊन उत्तरं काढायला बसले. पहिली काही भराभर सुटली. मग एका गणिताशी पेन थांबलं. कानामागं गेलं, परत आलं. चहा निवून गेला. "हे चुकलंय," सर म्हणाले.

"चुकलं न्हाई. खालचं एक पद वर मिळवा आणि वजा करा."

त्यांनी केलं. गणिताचे दोन सोपे तुकडे पडले आणि उत्तर दोन ओळींत आलं. सरांनी ते परत एकदा तपासलं. मग म्हणाले, "कुठल्या पुस्तकातलं आहे?"

"पुस्तकातलं न्हाई. मी केलं."

"आणि बाकीची?"

"तीही."

"आणि आधीची? प्रश्नपेढीतली?"

मी निवलेला चहा गरम करायला उचलला. बहीण म्हणाली, "दाजी, आता तरी कळलं का?"

रविवारी क्लासच्या शेडमध्ये, ओसरीत, घरमालकाच्या जिन्यावर, मिळेल तिथं पोरं बसली होती. पेपर सुटल्यावर सगळी सरांभोवती जमली. एकजण म्हणाला, "सर, इंटिग्रेशनला मारलंत की तुम्ही! असलं कुठं बघितलं न्हाई."

सर म्हणाले, "मी न्हाई. मॅडमनी काढलंय."

पोरं इकडं-तिकडं बघायला लागली. कोण मॅडम? नवीन कुणी आलंय का? सरांनी बोट केलं ते स्वयंपाकघराकडं. मी दारात उभी, हातात पोह्याची परात. सगळी मुंडकी एकदम माझ्याकडं वळली. काय सांगू, पोहे वाढायला निघालेली मी परात घेऊन तिथंच अडकले. त्यानंतर त्या घरात मला काकू म्हणणारं पोर सापडलं नाही. पुढच्या वर्षीपासून इंटिग्रेशन मीच शिकवलं, आणि चौकातल्या क्लासची पोरंही गुपचूप येऊन बसायची.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर चालू केला. आदल्या दिवसापर्यंत पडद्यावर एकच नाव यायचं, सर. आज दोन आली. वर मॅडम, खाली सर. प्रत्येकाशेजारी एक छोटं चित्र. सरांच्या नावाशेजारी आधीचीच बुद्धिबळाची सोंगटी होती. माझ्यासाठी चित्र निवडायला तिथं फुलं होती, फुलपाखरू होतं, मांजर होतं. सरांनी निवडलं होतं आभाळात सुटलेलं रॉकेट.

ज्या माणसाला कॉम्प्युटर बंद करता येत नव्हता त्यानं हे केलं कसं? बहिणीनं मग सांगितलं. पेपर झाल्यावर ती नांदेडला परतली, तर सरांनी कोपऱ्यावरच्या फोनवरून तिच्या हॉस्टेलला फोन केला होता, आणि कुठं क्लिक करायचं, काय लिहायचं, ते कागदावर उतरवून घेतलं होतं. ती हेही म्हणाली की ताई, हुरळून जाऊ नको, ती नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागतात, एम आधी येतो आणि एस नंतर.

लागत असतील. सरांना वाटतं, मला वर त्यांनीच ठेवलं. मी अजून काही बोललेले नाही.