दुधीची दाढी

आमच्या मालकांनी आयुष्यभर स्वतःची दाढी स्वतः केली, आणि तीही वस्तऱ्याने. ब्लेड त्यांना चालत नसे. ब्लेडने गळ्यावर पुरळ येई आणि आठ दिवस जात नसे. सकाळी ओट्यावर आरसा, वाटीत साबण, खुंटीला अडकवलेला चामड्याचा पट्टा. त्यावर वस्तरा खालीवर ओढल्याचा सपसप आवाज आला की घरात सगळ्यांना कळे, आता वीस मिनिटं यांच्याशी बोलायचं नाही. भाजीची गाडी मार्केटला उशिरा जाईल, पण दाढी राहणार नाही. माणूस दिसायला देखणा होता असं मी म्हणणार नाही. गाल मात्र कायम गुळगुळीत.

मग त्यांना कंपवात झाला. आधी उजवा हात, मग डावा, मग मान. हातात वस्तरा धरणं संपलं. मुलाने मशीन आणून दिलं. ते पांढरे खुंट ओढायचं आणि अर्धे तसेच ठेवायचं. नाक्यावरच्या सलूनमध्ये नेलं तर तिथल्या माणसाने दोन हात फिरवले, तेवढ्यात मान हलली आणि कानाखाली रक्त आलं. त्याने हात जोडले. म्हणाला, मावशी, मला जमायचं नाही, उद्या काही झालं तर? मी त्याला दोष दिला नाही. माझ्या नवऱ्याचं डोकं त्याच्या खुर्चीत, बोरं पाडताना हलवलेल्या बोरीच्या झाडासारखं हलत होतं.

दाढी वाढली. मालक ओट्यावर यायचे बंद झाले. मागच्या खोलीत बसायचे आणि कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायचे. दाढी वाढलेले लाखो लोक जगतात, पण यांना ते मान्य नव्हतं. अशात नातीचं लग्न जमलं. साखरपुडा महिन्यावर आला आणि यांनी सांगून टाकलं, मी येणार नाही. नात रडली, मुलाने समजावलं, काही उपयोग झाला नाही.

"असं तोंड घेऊन मी व्याह्यांसमोर बसायचो नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, द्या तो वस्तरा, मी करते.

"तू?"

"मग कोण, तहसीलदार येणार हाय का?"

वस्तरा दोन वर्षं पेटीत पडून होता. पात्याला तांबेरा चढला होता. आता, धार लावण्यात माझा हात कुणी धरत नाही. आमच्याकडे मेथी, कोथिंबीर, शेवंती, सगळी कापणी विळ्याने, आणि घरातले सगळे विळे दगडावर मीच निसते. तेच केलं. कुरुंदाचा दगड ओला केला, वस्तऱ्याचं पातं तिरपं धरलं आणि चांगलं अर्धा तास घासलं. धार अशी चमकली की मी स्वतःवर खूश झाले. आधी स्वतःच्या हातावर फिरवून पाहिलं. केस एक निघाला नाही, तीन लाल रेघा मात्र उठल्या.

मालकांनी पातं उजेडात धरायला सांगितलं. बघितलं आणि तोंड फिरवलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहिताना वेळ लागतो, पण फोनमध्ये बोललं तरी तो ऐकतो हे मला माहीत होतं. सुनेला शेजारी बसवलं आणि म्हटलं, विचार त्याला, वस्तऱ्याला धार कशी लावायची. शोधता शोधता एक ग्रुप सापडला. जुन्या पद्धतीने वस्तऱ्याने दाढी करायचा ज्यांना नाद आहे, अशा मराठी लोकांचा. सून हसायला लागली.

"आई, सगळे पुरुष आहेत हो यात."

"असूदे की. मी काय सोयरीक जमवायला चाललेय?"

आत गेल्यावर पहिले दोन दिवस मी नुसतं बघितलं. मला वाटलं, ही माणसं रिकामटेकडी आहेत. रोज सकाळी साबणाच्या फेसाचे फोटो. कुणाचा ब्रश नवा, कुणाची वाटी पितळेची. एक जण लिहितो, आज फेस दह्यासारखा झाला, आणि पंधरा जण त्याला शाबासकी देतात. आमच्या घरात दही दह्यासारखं लागलं तरी कुणी काही म्हणत नाही. पण एक पाहिलं. कुणी अडाणी प्रश्न विचारला तरी त्याला कोणी हिणवत नव्हतं. चार जण चार बाजूंनी सांगत होते.

तिसऱ्या दिवशी मी फोनमध्ये बोलून टाकलं. मी कोण, मालकांना काय झालंय, साखरपुडा कधी आहे, आणि मी वस्तरा कसा घासला. शेवटी विचारलं, बाईमाणसाला इथे चालतं का? नसेल तर सांगा, मी जाते, पण धार सांगून मग हाकला.

मग ग्रुप चालवणारा माणूस, तो सांगलीचा, बँकेतून निवृत्त झालेला, त्याने लिहिलं, "आजी, इथे वस्तऱ्याची आवड लागते. दाढी असण्याची अट नाही."

एकाने मात्र लिहिलं की आजींनी भजनाचा ग्रुप शोधावा. मी त्याला कळवलं, तिथे वस्तऱ्याची धार शिकवत असतील तर पत्ता द्या. त्यावर सगळे त्याच्यावर असे तुटून पडले की त्याने रात्रीच्या आत माफी मागितली. आता तो मला रोज नमस्कार घालतो.

मग माझा खरा गुरू पुढे आला. सायखेड्याचा म्हातारा न्हावी. साठ वर्षं गावाची डोकी केली, आता गुडघ्यांनी बसवलेला. सायखेडा आमच्यापासून तासाभरावर, पण भेट झाली ती फोनमध्ये. त्याने पात्याचा फोटो मागवला आणि बोलून निरोप पाठवला.

"ताई, राग मानू नका. तुम्ही वस्तऱ्याचा विळा केला."

त्याने नीट समजावलं. विळ्याला तिरपं घासतात, कारण त्याची धार जाड आणि थोडी खरखरीत लागते, देठात शिरली पाहिजे. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड केलेली असते. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकवून आडवा ठेवायचा आणि हात हलका सोडायचा. जोर दिला की संपलं. आणि कुरुंद तर लांबच ठेवायचा, वस्तऱ्याला साबणासारखा मऊ दगड पाहिजे. तो दगड माझ्याकडे नव्हता. सांगलीवाल्याने स्वतःचा एक पाठवून दिला. मी म्हटलं, परत कसा करू? त्याने कळवलं, परत नको, पुढे कुणाला लागला तर त्याला द्या.

मी आयुष्यात कुणाकडून फुकट काही घेतलं नव्हतं. हे घेतलं.

नऊ दिवस मी रोज दुपारी तो वस्तरा दगडावर आडवा फिरवत बसले. जोर न देणं हे माझ्यासाठी फार अवघड होतं. माझे हात जोर द्यायलाच शिकलेले. रोज एक फोटो टाकायचा, म्हातारा म्हणायचा, अजून नाय. दहाव्या दिवशी हातावर फिरवला आणि केस आपोआप गळल्यासारखे पडले, कातडीला कळलंही नाही. तसं कळवलं तर ग्रुपवर नुसता गोंधळ. जणू सगळ्यांच्याच घरी पेढे वाटायचे होते.

पण धार आली म्हणजे हात आला असं नाही. हलणाऱ्या माणसाची दाढी करायची होती. म्हातारा म्हणाला, आधी फुग्याला फेस लावून सराव करा, आम्ही पोरांना तसंच शिकवतो. फुगे आणले. पहिला माझ्या तोंडावर फुटला आणि म्हैस दावं तोडून पळाली. फुगे बंद.

दुसऱ्या दिवशी मळ्यात दुधी काढताना माझ्या लक्षात आलं. कोवळ्या दुधीवर बारीक पांढरी लव असते. साल इतकी नाजूक की नख लागलं तरी ओरखडा उठतो आणि पाणी सुटतं. याहून चांगला गाल कुठे मिळणार? मी मांडवाखालीच बसले, दुधीला साबण लावला आणि दाढी केली. पहिल्या पाच दुधींचं मी काय केलं ते सांगत नाही, त्या दिवशी घरात भाजी भरपूर झाली. सहावा निम्मा चांगला निघाला. मग दुधी मांडवाला लोंबत ठेवून, सुनेला वेल हलवायला सांगून दाढी केली, कारण मला हलणाराच पाहिजे होता. सून म्हणाली, आई, कोणी पाहिलं तर आपल्या दोघींना भरती करतील. मी म्हटलं, तू हलव.

त्याचा फोटो सुनेने ग्रुपवर टाकला. एका बाजूला लव असलेला, दुसऱ्या बाजूला चकचकीत. आठवड्याभरात ग्रुपवर दुधीच दुधी. नागपूरचा एक, कोल्हापूरचे दोघे, पुण्याचा एक डॉक्टर, सगळे दुधीची दाढी करून दाखवायला लागले. बाजारातल्या दुधीवर लव टिकत नाही, म्हणून एकाने तर गच्चीत वेल लावला. साठ वर्षं न्हावीकाम केलेला म्हातारा म्हणाला की आपल्याला हे कधी सुचलं नाही. मी हे पुन्हा पुन्हा ऐकलं. खोटं कशाला बोलू.

मान हलते त्याचं काय, हेही त्यानेच सांगितलं. मान थांबायची वाट बघू नका, ती थांबणार नाय. मागे उभ्या राहा, डोकं तुमच्या अंगाला टेकवा आणि करंगळी त्यांच्या गालावर ठेवा. मग त्यांचा गाल हलला की तुमचा हात बरोबर हलेल. दोघं एकदम हलली की कापत नाय.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी चांदवडहून माझी नणंद आली. मालकांची थोरली बहीण, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी पाणी गरम करत होते. तिने वस्तरा पाहिला आणि पदर खोचूनच उभी राहिली.

"सवाष्ण बाई नवऱ्याच्या तोंडाला वस्तरा लावते का? अवलक्षण हाय हे. आणि उद्या शुभकार्य."

"वन्सं, मग तुम्ही करा. तुम्ही बहीण हाय."

"मला येतं का?"

"मग बसा तिकडं."

ती मालकांकडे वळली. म्हणाली, तू तरी सांग हिला. मालक खुर्चीत बसले होते, गळ्यात टॉवेल, तोंडाला निम्मा साबण. वस्तरा माझ्या हातात पाहून ते घाबरलेले होते हे मला दिसत होतं. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डोकं मागे टाकून माझ्या पोटाला टेकवलं. उत्तर तेवढंच.

मी करंगळी गालावर ठेवली. मान हलली, माझा हात हलला. पहिली ओढ कानापासून खाली. खुंट पडल्याचा बारीक करकर आवाज आला. दुधीला हा आवाज नसतो, त्यामुळे मी क्षणभर थांबले. मग कळलं की हा बरोबर आवाज आहे, लहानपणी बापाच्या दाढीचा ऐकलेला. पुढे थांबले नाही. दोन्ही गाल, हनुवटी, गळा. गळ्याशी नणंद डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, ते मला मदतीचं नव्हतं. ओठावर सर्वांत शेवटी. पाऊण तास लागला. माझी पाठ भरून आली, पायात गोळे आले.

तुरटी फिरवली. कुठेच झोंबली नाही. टॉवेल उलटा करून पाहिला, रक्ताचा ठिपका नाही.

नणंदेने डोळे उघडले. जवळ आली, भावाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. हनुवटीखाली चाचपलं, कानामागे पाहिलं. तिला चूक सापडायला हवी होती आणि सापडत नव्हती. शेवटी म्हणाली, बरी झालीय. तिच्या तोंडून बरी म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी टॉवेलचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. चेहऱ्याचा नाही, मालकांना फोटो आवडत नाही. नुसता पांढरा टॉवेल. त्या लोकांना त्यातलं सगळं कळलं. सायखेड्याच्या म्हाताऱ्याने एवढंच सांगितलं की आता माझी वस्तरे-कात्र्यांची धोपटी मी सुखाने गुंडाळून ठेवतो.

साखरपुडा गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये होता. मालक पहिल्या रांगेत बसले, धोतर, टोपी आणि गाल असे की दिवा लावायला नको. हात हलत होते, मान हलत होती, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. व्याह्यांकडचा म्हातारा आजोबा शेजारी येऊन बसला. त्याच्या स्वतःच्या हनुवटीवर दोन ठिकाणी, कापलं होतं तिथे, कागदाचे तुकडे चिकटवलेले होते. गप्पा निघाल्या. त्याने विचारलं, दाढी झकास हाय, कोणत्या सलूनला जाता?

मी मागच्याच रांगेत होते. वाटलं, आता हे काहीतरी थाप मारणार.

"सलून नाय," मालक म्हणाले, आणि थरथरता हात मागे करून माझ्याकडे दाखवला. "ही करते. वस्तऱ्याने."

म्हातारा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, तुमचीही करून देईन, आता तुम्ही घरचे. फक्त आधी तो कागद काढा.